जुन्या मोटारीचे साल



या व्यासपीठावरून तत्त्वज्ञान, इतिहास, अर्थकारण अशा थोर विषयांची चर्चा होते. त्या मानाने माझा विषय अगदी घरगुती आहे. जुनी लहान मोटार विकत घेताना तिच्या सालावरून तिचा भरवसा किती धरावा, एवढाच तो प्रश्न आहे. मी इंजिनियर नाही. माझे शिक्षण कारखान्याच्या फाटकापाशी आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. परंतु मजूर संघटनेच्या कामात सभासदांच्या घरच्या अडचणी कानांवर येतात, आणि त्यांत हा प्रश्न वारंवार येतो.

पगारदार माणसाच्या आयुष्यात घराच्या खालोखाल मोठी खरेदी मोटारीची असते, आणि ती बहुधा जुन्या मोटारीची असते. पतपेढीचे कर्ज, फंडातून काढलेली उचल, क्वचित पत्नीचे दागिने, असे जुळवून दोन-तीन लाख रुपये उभे राहतात. नवी गाडी घेणाऱ्याला कंपनीची हमी असते; जुनी घेणाऱ्याला विकणाऱ्याच्या शब्दापलीकडे फारसे काही नसते. इंजिन खोलावे लागले, तर गाडी गॅरेजात आणि कर्जाचा हप्ता मात्र चालू, अशी त्या घराची स्थिती होते. म्हणून या खरेदीत विचार पाहिजे.

बाजारात विकणाऱ्याच्या तोंडी एक ठरलेले वाक्य असते: "साहेब, एकोणीसची गाडी आहे, बघायचे काही कारण नाही." ऐकणाराही मनातल्या मनात सालांची वजाबाकी करतो आणि किंमत ठरवितो. माझे म्हणणे असे की, साल हा साक्षीदार आहे. त्याला प्रश्न विचारावे, त्याची साक्ष लिहून घ्यावी; परंतु निकाल त्याच्यावर सोपवू नये. ही साक्ष कशी घ्यावयाची ते आता पाहू.

पहिली गोष्ट म्हणजे साल एक नसते. आपल्याकडे 'एकोणीसची गाडी' म्हणजे बहुधा एकोणीस सालच्या पासिंगची, म्हणजे आर.टी.ओ.त त्या वर्षी नोंदलेली गाडी. परंतु गाडी कारखान्यातून बाहेर पडते एका दिवशी, शोरूममध्ये उभी राहते काही महिने, आणि नोंदली जाते निराळ्याच दिवशी. डिसेंबरात तयार झालेली गाडी जानेवारीत नोंदली की कागदावर ती एका वर्षाने तरुण होते. आर.सी. बुकात दोन्ही नोंदी असतात; उत्पादनाचा महिना व वर्ष वेगळे आणि नोंदणीचा दिनांक वेगळा. पहिली नोंद गाडीचे खरे वय सांगते. दुसरी नोंद कागदाचे आयुष्य सांगते, कारण खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांपर्यंत चालते आणि त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. याखेरीज तिसरे साल असते ते आराखड्याचे. बाहेरून नाव तेच राहते आणि आतली गाडी बदलते.

याचे उदाहरण म्हणून आपल्या गल्लीबोळांत सर्वत्र दिसणारी वॅगन-आर घेऊ. ही गाडी मारुतीने डिसेंबर १९९९ मध्ये आपल्या देशात आणली. तेव्हाचे इंजिन चार सिलिंडरचे होते व त्याचे टायमिंग पट्ट्यावर चालत असे. २०१० मध्ये त्याच नावाने नवी गाडी आली; तिचे इंजिन तीन सिलिंडरचे, ९९८ सी.सी.चे, आणि टायमिंग साखळीवर. जानेवारी २०१९ मध्ये तिसरी पिढी आली. तिचा सांगाडा नवा होता आणि एक लिटर व १.२ लिटर अशी दोन इंजिने होती. तेव्हा 'वॅगन-आर चांगली गाडी आहे' या वाक्याला तसा अर्थ नाही. कोणती वॅगन-आर, हे आधी विचारले पाहिजे. २००८ ची घेणाऱ्याने टायमिंग बेल्ट केव्हा बदलला हे विचारावे, आणि पावती नसेल तर तो बदलण्याचा खर्च किमतीत धरावा. २०१२ ची घेणाऱ्याला त्या पट्ट्याची काळजी नाही. त्याने ऑइल वेळेवर बदलले गेले की नाही हे विचारावे, कारण साखळीचे आयुष्य ऑइलवर असते. साल कळले की कोणता प्रश्न विचारावयाचा ते कळते, हा सालाचा पहिला उपयोग.

जाणते मेकॅनिक सांगतात की, नव्या मॉडेलच्या पहिल्या वर्षीची गाडी शक्यतो घेऊ नये. कारखान्यात काम केलेल्या माणसाला याचे कारण सांगावे लागत नाही. नवा माल सुरू होतो तेव्हा साचे नवे असतात, सुटे भाग पुरविणारे काही जण नवे असतात, आणि बाजारात उतरण्याची तारीख मात्र आधीच जाहीर झालेली असते. चाचणीच्या गाड्या काही थोड्या असतात. खरी चाचणी हजारो गाड्या उन्हापावसातून धावू लागल्यावर होते. तिच्यात जो दोष दिसून येतो, त्यासाठी कंपनी गाड्या परत बोलावून फुकट दुरुस्त करून देते. याला रिकॉल म्हणतात.

आता तिसऱ्या पिढीच्या वॅगन-आरचा इतिहास तारखांनिशी पाहा. ऑगस्ट २०१९ मध्ये कंपनीने एक लिटरच्या ४०,६१८ गाड्या परत बोलाविल्या. त्या १५ नोव्हेंबर २०१८ ते १२ ऑगस्ट २०१९ या काळात बनलेल्या होत्या, आणि पेट्रोलची नळी धातूच्या क्लॅम्पला घासण्याचा संभव होता. जुलै २०२० मध्ये पेट्रोलच्या पंपासाठी एक लिटरच्या ५६,६६३ गाड्या परत बोलाविल्या. त्या १५ नोव्हेंबर २०१८ ते १५ ऑक्टोबर २०१९ मधल्या. मार्च २०२४ मध्ये पंपाच्या मोटरसाठी आणखी ४,१९० वॅगन-आर बोलाविल्या. त्या ३० जुलै ते १ नोव्हेंबर २०१९ मधल्या.

या तीन कालावधी एकमेकांवर ठेवून पाहा. ३० जुलै ते १२ ऑगस्ट २०१९ हे दोन आठवडे तिन्हींत येतात. त्याच वर्षीच्या डिसेंबरात बनलेली गाडी मात्र तिन्हींपैकी एकातही येत नाही. दोन्ही गाड्यांचे साल एकच, दोन्हींची बाजारातील किंमत सारखीच. सालाचे माप किती ढोबळ आहे हे यावरून दिसते. जेथे महिना पाहावयाचा, तेथे वर्ष पाहून भागत नाही.

येथे घाईने निष्कर्ष काढू नये. पंपाच्या त्याच रिकॉलमध्ये पेट्रोलवरच्या ७८,२२२ बलेनो गाड्याही होत्या, आणि बलेनो तर २०१५ पासून बाजारात होती. म्हणजे सगळा दोष नव्या मॉडेलच्या माथी मारता येत नाही. दोष पुष्कळदा सुट्या भागाच्या खेपेबरोबर येतो आणि ती खेप ज्या ज्या गाडीत बसली तेथे जातो. रिकॉलची बातमी वाचली की 'कामगार नीट काम करीत नाहीत' असे काही लोक म्हणतात, त्यांनाही हे ध्यानात घ्यावयास हवे. नळी कोठून न्यावयाची आणि पंप कोणाकडून घ्यावयाचा, हे जोडणीच्या पट्ट्यावर उभा राहणारा माणूस ठरवीत नाही.

दुसरे असे की, रिकॉल झालेली गाडी वाईट, असेही नाही. जिचा पंप कंपनीने फुकट बदलून दिला, ती गाडी त्या बाबतीत उलट निर्धास्त. धोका आहे तो बोलाविली असूनही न गेलेल्या गाडीत. पहिल्या मालकाचा पत्ता बदललेला असतो, पत्र पोहोचत नाही, आणि गाडी दुसऱ्या-तिसऱ्या हाती जाते. म्हणून चासी नंबर घेऊन कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा अधिकृत सर्व्हिस स्टेशनात विचारावे: या गाडीचे काही काम बाकी आहे काय? याला पैसा पडत नाही.

तिसरे, फार जुन्या गाडीचा रिकॉल सापडला नाही म्हणून ती निर्दोष ठरत नाही. मोटार उत्पादकांच्या संघटनेने रिकॉलची स्वेच्छेची संहिता जुलै २०१२ मध्ये स्वीकारली. कायद्याने दंडासह सक्ती आली ती १ एप्रिल २०२१ पासून. त्यापूर्वीच्या गाड्यांविषयी कागद गप्प आहेत, आणि गप्प राहणे म्हणजे निर्दोष असल्याची साक्ष नव्हे.

सालाचा दुसरा उपयोग म्हणजे त्या वर्षी कायदा काय होता हे कळते. धुरावरच्या निर्बंधांना भारत स्टेज, म्हणजे बी.एस., असे नाव आहे. १ एप्रिल २०१० रोजी देशातील तेरा शहरांत बी.एस. ४ लागू झाले आणि इतरत्र त्याच वर्षात टप्प्याटप्प्याने बी.एस. ३. त्या तेरांत मुंबई, पुणे यांबरोबर आपले सोलापूरही होते. मारुती ८०० ची विक्री त्या शहरांत थांबली ती यामुळे. पुढे जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादनही बंद झाले. म्हणजे २०१० ची सोलापूर पासिंगची गाडी आणि दुसऱ्या जिल्ह्यातली त्याच सालची गाडी यांच्या धुराच्या व्यवस्थेत फरक असू शकतो. बी.एस. ४ देशभर झाले १ एप्रिल २०१७ रोजी, आणि बी.एस. ६ झाले १ एप्रिल २०२० रोजी. जसजसे निर्बंध वाढले तसतसे सेन्सर व वायरिंग वाढले. धूर कमी झाला, परंतु नाक्यावरच्या मेकॅनिकला नुसत्या पान्यावर भागेनासे झाले; त्याला स्कॅनर घ्यावा लागला. तुमच्या गावात तो कोणापाशी आहे, हे गाडी घेण्यापूर्वी पाहावे.

जिवाच्या सुरक्षिततेचेही तसेच आहे. एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना ए.बी.एस. ब्रेक सक्तीचे झाले. १ जुलै २०१९ पासून चालकापुढे एअरबॅग. आणि १ जानेवारी २०२२ पासून शेजारच्या आसनापुढेही. काही गाड्यांत या सोयी आधीपासून होत्या, परंतु त्या महागड्या प्रकारांत. तेव्हा २०१८ ची गाडी घेताना 'आहे का?' असे विचारावे लागते. २०२२ नंतरच्या गाडीत 'शाबूत आहे का?' एवढेच. किल्ली फिरविल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे. तो लागलाच नाही, तर कोणी तरी त्याची वायर काढली असावी असा संशय घ्यावा.

सालाचा तिसरा उपयोग म्हणजे वय. किलोमीटर कमी म्हणजे गाडी नवी, असा एक समज आहे. लोखंड चालण्याने झिजते. रबर उभे राहूनही झिजते. पाण्याचे होज पाइप, इंजिनचे माउंटिंग, वायपर, टायर, बॅटरी यांना दिवस मोजावे लागतात. मार्च २०२० च्या टाळेबंदीत महिनोन् महिने झाकून ठेवलेल्या कित्येक गाड्यांच्या वायरी उंदरांनी कुरतडल्या. शिवाय पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठले गेले. त्याला साजेसे रबर व नळ्या नव्या गाड्यांत एप्रिल २०२३ पासून येऊ लागल्या. त्याआधीची गाडी घेताना पेट्रोलच्या नळ्या बोटाने दाबून पाहाव्या. भेगा किंवा ओल दिसली तर बदलून घ्याव्या.

परंतु गाडी कोणी आणि कोठे वापरली, याविषयी साल काहीच बोलत नाही. रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत दहा पावसाळे काढलेला पत्रा आणि सोलापूरच्या कोरड्या हवेतला पत्रा यांचे साल एक असले तरी वय एक नसते. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळुणात किती मोटारी पाण्याखाली गेल्या, ते आपण पाहिले आहे. त्यांतल्या काही धुऊन-पुसून पुन्हा बाजारात आल्या असतील, असे धरूनच चालावे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. आत गाळाची रेघ दिसेल. गालिचा उचलून वास घ्यावा. आसनाखालचे बोल्ट व डिकीतील स्टेपनीखालचा पत्रा पाहावा. पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीचे साल काहीही असो, तिची वायरिंग आज ना उद्या दगा देते.

किलोमीटरच्या काट्यावरही विसंबू नये. तो मागे फिरविता येतो. त्याची उलटतपासणी टायरवर होते. टायरच्या बाजूला चार आकडे उठविलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. गाडी २०१९ ची, काटा पंचवीस हजारांवर, आणि चारही टायर २०२३ चे असतील, तर पहिले टायर एवढ्यात कसे संपले हे विचारावे. क्लच-ब्रेकच्या पेडलचे झिजलेले रबर, स्टिअरिंगची चकाकी, चालकाच्या आसनाची बसकण यांनाही बोलते करावे. सर्व्हिस स्टेशनाच्या पावत्यांवर दर वेळचे किलोमीटर लिहिलेले असतात. त्यांच्यासारखा पुरावा नाही.

एवढे झाल्यावर एक सकाळ खर्च करावी. इंजिन थंड असताना जावे. विकणाऱ्याने आधीच सुरू करून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी यावे. आपला मेकॅनिक आपण न्यावा, विकणाऱ्याचा नव्हे, आणि त्याची मजुरी मोकळ्या हाताने द्यावी. चासी नंबर बुकातला आणि पत्र्यावरचा अक्षर न् अक्षर जुळवावा. कर्जाचा बोजा उतरला आहे काय, गाडी पूर्वी पिवळ्या पाटीवर भाड्याने चालत होती काय, आणि परराज्यातली असेल तर एन.ओ.सी. आहे काय, हे पाहावे. दिल्लीच्या गाड्या स्वस्त मिळतात. दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल मोटारींवर त्या भागात जी बंदी आली, ती २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरली. पुढे तिच्या अंमलात फेरफार होत राहिले, पण स्वस्ताईचे मूळ तेथे आहे. अशा गाडीची किंमत कायद्याने पाडली, झिजेने नव्हे. तथापि झीज किती आहे हे पाहण्याचे काम उरतेच.

आता शेवटचा मुद्दा. हे सगळे आपण एकेकट्याने का करावे? जर्मनीत खासगी मोटार पहिल्या तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी सक्तीने तपासली जाते, आणि त्या तपासण्यांवरून 'ट्यूफ' संस्थांची संघटना कोणत्या मॉडेलच्या किती वर्षांच्या गाड्यांत किती दोष आढळले याचे कोष्टक दरवर्षी छापते. अमेरिकेत 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' ही १९३६ साली स्थापन झालेली ग्राहकांची संस्था आपल्या सभासदांना विचारून मॉडेल व वर्ष यांप्रमाणे भरवशाची यादी करते. आपल्याकडे खासगी मोटारीची धुराची चाचणी होते. परंतु ब्रेक, स्टिअरिंग, पत्रा यांची सरकारी तपासणी पहिली पंधरा वर्षे नाही. तपासणी नाही म्हणून आकडे नाहीत, आणि आकडे नाहीत म्हणून विकणाऱ्याचे वाक्य चालते.

तपासणीचा कायदा येईल तेव्हा येवो. आपल्या शहरात काय होऊ शकेल ते सांगतो. गॅरेजवाले, रिक्षा-टॅक्सीवाल्यांच्या संघटना आणि ग्राहक पंचायतीसारखी एखादी संस्था यांनी मिळून एक वही घालावी. गाडी दुरुस्तीला आली की चार रकाने भरावे: मॉडेल, उत्पादनाचा महिना व वर्ष, किलोमीटर, आणि काय बिघडले. मालकाचे नाव नको, गाडीचा नंबर नको. दोन वर्षांत अशा हजारभर नोंदी जमल्या, तर कोणत्या महिन्याच्या गाडीत कोणता भाग आधी जातो हे आपल्या गावच्या रस्त्यांवरून आणि पाण्यापावसातून कळू लागेल. ती वही या वाचनालयाच्या टेबलावर ठेवावी. वर्तमानपत्र वाचायला येणारा माणूस तीही उलगडून पाहील.

एका मेकॅनिकला जे ठाऊक असते ते त्याच्या गॅरेजपुरते राहते. ते एकत्र लिहिले गेले, तर पतपेढीचे कर्ज काढणाऱ्या प्रत्येक घराच्या उपयोगी पडेल. या शहरातील गॅरेजवाल्या मंडळींपैकी जे कोणी आज येथे आले असतील, त्यांनी व्याख्यान संपल्यावर पाच मिनिटे थांबावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.